लीनाचे केस मी कापले

मी केस कापायचे एक जुने मशीन आहे. विजेवर गुरगुरणारे नव्हे. दोन दांडे मुठीत धरायचे, दाबायचे, सोडायचे, की माझे दात एकमेकांवर सरकतात आणि कटकट करत केस खाली पडतात, तसले हातमशीन. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी बहुधा तक्रार असते, की आता आम्हाला कोणी विचारत नाही. माझी तशी तक्रार नाही. मला एका गोष्टीची लाज वाटते, आणि ती सांगितल्यावाचून मला गंजूनही जाता येणार नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझे दात घासून घासून इतके एकसारखे केले होते, की कारागिराने मला आपल्याच मनगटावर चालवून पाहिले आणि खूश होऊन कागदात गुंडाळले. पुढे मी महाडच्या बाजारात एका दुकानाच्या काचेमागे बसले. तिथून १९८६ साली दत्तूने मला उचलले. तो एसी दुरुस्त करायला शिकलेला तरुण होता, आणि बहरीनला नोकरीवर निघाला होता. "तिकडं रूममध्ये बारा जण असतील, केस कापायला कुठं जाणार?" असे त्याला कोणीतरी सांगितले होते. मी पापड आणि सुक्या चटणीच्या डब्याशेजारी विमानात बसले.

बहरीनमधल्या तुबलीत, तो कामाला होता त्या गॅरेजमागच्या खोलीत, दत्तूने पहिले डोके माझ्याखाली घेतले तेव्हा त्यावर जिना तयार झाला. एकावर एक पायऱ्या. त्या डोक्याचा मालक बिचारा पंधरा दिवस टोपी घालून कामावर गेला. पण हळूहळू दत्तूचा हात बसला. शुक्रवारी सुट्टी असली की खोलीबाहेर रांग लागायची. मल्याळी, पंजाबी, बिहारी, आपले कोकणातले, सगळी डोकी माझ्या दातांखालून गेली. दत्तू कोणाकडून काही घेत नसे. "मशीन चांगलं आहे, माझं काय," असे म्हणायचा. ते ऐकून मी फुगून जायचे. खोटे कशाला सांगू, मला फार गर्व झाला होता.

चार वर्षांनी दत्तूची बायको भावना आणि त्यांची लेक लीना बहरीनला आल्या. मनामा शहरातल्या गुदैबिया भागात, एका हॉटेलच्या वर, दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. खालून दिवसभर डोशाचा वास यायचा. मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात पासपोर्टांशेजारी जागा मिळाली, आणि शुक्रवारची डोकी आता बाल्कनीत येऊ लागली. लीना तेव्हा चार वर्षांची होती. तिला माझा आवाज आवडायचा. काम संपले, की ती मला दोन्ही हातांत घेऊन गालाला लावायची, कारण मी थंडगार असे. इतक्या डोक्यांवरून फिरले, पण मला कोणी गालाला लावले नव्हते.

लीनाचे केस विरळ होते. भुरकट, मऊ, रबरातून निसटणारे. जन्मल्यापासून ते कोणी काढले नव्हते. ती जन्मली तेव्हा दत्तूने गावी पत्र लिहिले होते, की आपण बौद्ध आहोत, जावळ वगैरे काही करायचे नाही, पोरीच्या डोक्याला कोणी हात लावायचा नाही. त्या पत्राची गोष्ट तो मित्रांना अभिमानाने सांगे. तो अभिमान खरा होता, आणि मला तो पटतही होता.

मग १९९२ चा एप्रिल आला. जयंतीच्या कार्यक्रमात लीनाने सगळ्यांसमोर एक कविता म्हटली. घरी आल्यावर लीनाच्या वेण्यांच्या रिबिनी सोडताना भावनाचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?" दत्तूने विचारले.

"कविता छान म्हटली म्हणाल्या सगळ्या," भावना म्हणाली. "आणि मग एकजण म्हणाली, अगं, हिच्या डोक्याची कातडी दिसते, काही आजार आहे का? चार बायकांसमोर. मला कुठं तोंड लपवू असं झालं."

लीना तिथेच बसली होती. तिने हळूच आपल्या डोक्याला हात लावून पाहिला. ते दोघांपैकी कोणीही पाहिले नाही. कपाट उघडे होते, म्हणून मला दिसले.

मे महिन्यात गावाहून कॅसेट आली. तेव्हा फोन महाग, म्हणून दत्तूची आई, रखमाआजी, टेपरेकॉर्डरसमोर बसून अर्धा-अर्धा तास बोलायची आणि सुट्टीवरून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती कॅसेट धाडायची. पाऊसपाणी, म्हैस, कोणाचे लग्न ठरले, असे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "दत्तू, लीनाचा फोटू बगितला. पोर गोड हाय, पन केस कसं, उंदराच्या शेपटीवानी. जावळ आपुन सोडलं, ते बरंच केलं. पन एकदा तिचं डोकं साफ कर. मग बघ, मुठीत मावनार नाय एवडं केस येतील."

दत्तूने ती जागा दोनदा ऐकली. मग भावनाकडे पाहून म्हणाला, "हे काही जावळ नव्हे. हे केसांसाठी आहे. यात देवाधर्माचं काही नाही."

भावनाने मान हलवली. नाव बदलले, की काम बदलते असे दोघांना वाटले. माझे दात मात्र तेच होते. आणि मित्रांनो, मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. केस मुळातून येतात, आणि माझे दात मुळापर्यंत पोहोचतच नाहीत. हजारो डोक्यांवरून फिरून जे मला कळले होते, ते मला बोलून दाखवता आले नाही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पहिला शुक्रवार उजाडला. सकाळी मुनाफ आला होता. रत्नागिरीकडचा, मनामात एका दुकानात हिशेबनीस. त्याचे केस कापून झाले, तरी दत्तूने मला पुसून ठेवले नाही. उलट शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब माझ्या दातांत सोडले.

"आता कोणाचा नंबर?" मुनाफने विचारले.

"लीनाचा. साफच करतो. दाट येतील."

मुनाफ आरशात आपली मान बघत होता, तो थांबला. "पोरीला इचारलास काय?"

"सहा वर्षांची पोर, तिला काय विचारायचं? उद्या कमरेपर्यंत वेणी आली, की आपणच खूश होईल."

"तसा नाय रे दत्तूभाई. डोका तिचा हाय," मुनाफ म्हणाला. पण दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत किती बोलायचे, म्हणून तो चप्पल घालून निघून गेला.

भावनाने लीनाला आणून स्टुलावर बसवले आणि तिच्या गळ्याभोवती जुनी चादर बांधली. लीनाने मला पाहिले आणि ती हसली. "पप्पा, काय करणार?"

"काही नाही बाळा. फक्त टोकं कापतो. दोन मिनिटं."

टोके कापायला मला कोणी घेत नाही. त्यासाठी कात्री असते, आणि ती तिथेच खिडकीत पडलेली होती. लीनाला ते ठाऊक नव्हते. दत्तूला ठाऊक होते, भावनाला ठाऊक होते, मला ठाऊक होते.

मी कपाळापासून सुरुवात केली आणि थेट मागे गेले. केसांचा पहिला झुबका तिच्या मांडीवर पडला. लीनाने तो उचलला. तो तिच्या बोटाएवढा नव्हता, चांगला वीतभर लांब होता. तिने वर पाहिले. मग ती उठू लागली, तेव्हा भावनाने तिचे खांदे धरले. "हलू नको गं, लागेल. झालंच, झालंच." दत्तूने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि उजव्या हाताने मला दाबले.

आता माझ्या लाजेची गोष्ट ऐका. मी अडणारे मशीन आहे. तेल सुकले, की माझ्या दातांत केस अडकतात, ओढ बसते, माणूस ओरडतो आणि काम थांबते. असे दहा वेळा झाले होते. त्या दिवशी मी एकदाही अडले नाही. इतके छान, इतके मऊ चालले, की दत्तू स्वतःशीच म्हणाला, "वा, काय मशीन आहे." आणि त्या क्षणी, लीना रडत असताना, मला बरे वाटले. मित्रांनो, ते बरे वाटणे मला आजवर सुटलेले नाही.

सगळे झाल्यावर भावनाने तिला आरशासमोर नेले नाही. ती स्वतःच गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली. मग दत्तूकडे वळून तिने इंग्रजीत विचारले, "यू सेड ओन्ली द एंड्स?"

दत्तू हसून म्हणाला, "येतील गं. तीन महिन्यांत येतील."

त्या दिवसापासून लीना बापाशी मराठीत बोलली नाही. त्याने मराठीत विचारले, की इंग्रजीत उत्तर द्यायची. येस, नो, ओके. इथली सगळीच मुले शाळेमुळे तशी बोलतात, म्हणून कोणाच्या काही लक्षात आले नाही. आईशी मात्र ती मराठीतच बोलत होती. कपाटाच्या कप्प्यात पडल्या पडल्या मी ते ऐकत होते.

तो जुलै होता. भिंतींना हात लावला तर चटका बसे, आणि लीना बापाची कंपनीची टोपी कानांपर्यंत ओढून बसायची. डोक्यावर घामोळे आले, तरी काढायची नाही. एकदा भावना तिला खाली कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला घेऊन गेली. तिथे एका म्हाताऱ्या बहरीनी आजोबांनी प्रेमाने टोपी वर करून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते म्हणाले, "वलद शातिर." शहाणा मुलगा. घरी येऊन भावनाने हसत हसत ते दत्तूला सांगितले. लीनाला तेवढे अरबी शाळेत शिकवलेले होते. ती पलंगाखाली जाऊन बसली आणि जेवायला बाहेर आली नाही. तेव्हा कुठे भावनाचे हसणे थांबले.

त्यातच लीनाचा पासपोर्ट करायची वेळ आली. आतापर्यंत तिचे नाव आईच्या पासपोर्टात होते, आता स्वतःचा हवा होता, नाहीतर सुट्टीवर जाता येईना. स्टुडिओत ती टोपी सोडेना म्हणून दत्तूने ती काढून घेतली. पासपोर्ट आला. त्यात गुळगुळीत डोक्याची, ओठ घट्ट मिटलेली एक मुलगी कॅमेऱ्याकडे पाहत होती. तो पासपोर्ट आणि उरलेले तीन फोटो दत्तूने माझ्याच कप्प्यात ठेवले. वर्षानुवर्षे मी आणि ती मुलगी शेजारी शेजारी पडून होतो. विमानतळावर दर वेळी अधिकारी एकदा फोटोकडे आणि एकदा लीनाकडे बघायचा, आणि लीना जमिनीकडे बघायची. हे भावनाच दत्तूला सांगायची, बॅग रिकामी करताना, हळू आवाजात.

आणि केस? केस आले. तसेच विरळ, तसेच भुरकट, रबरातून निसटणारे. रखमाआजी कॅसेटवर म्हणाली, की एकदा करून होत नाही, दोनदा करावे लागते. दत्तूने टेप बंद केला.

पुढे दत्तूने गॅरेज सोडून नोकरी बदलली, मित्र सलूनमध्ये जाऊ लागले, शुक्रवारची रांग संपली. मला गंज चढू लागला आणि त्याचे मला वाईट वाटले नाही.

१९९८ साली दत्तूची धाकटी लेक चारुलता चार वर्षांची झाली. घरात तिला चारू म्हणत. केसांच्या बाबतीत ती थोरल्या बहिणीवरच गेली होती. आता घरी फोन होता, आणि रखमाआजीने फोनवर पुन्हा तेच सांगितले. एका शुक्रवारी दुपारी कप्पा उघडला. दत्तूचा हात माझ्याभोवती आला. माझ्या अंगावरच्या जुन्या तेलाला काहीतरी चिकटले होते, ते माझ्याबरोबर बाहेर आले. लीनाचा फोटो.

दत्तू तो सोडवत उभा राहिला. नखाने कड सुटेना. चारू गळ्याभोवती चादर बांधून स्टुलावर पाय हलवत बसली होती, आणि दारात लीना उभी होती. बारा वर्षांची, उंच, विरळ केसांचा एक साधा बॉबकट केलेली. तिने बापाच्या हातात मला पाहिले, फोटो पाहिला, चारूला पाहिले. मी मनात म्हटले, आता मी काही झाले तरी अडणार. पण गंजलेल्या वस्तूच्या शपथेला काय अर्थ.

"पप्पा," लीना म्हणाली, "तिला विचारलंत?"

मराठीत. सहा वर्षांनी. दत्तूने मान वर केली. मला वाटते, त्यालाही ते तेव्हाच कळले, की इतकी वर्षे घरात काय नव्हते.

तो चारूसमोर खाली बसला. मला तिला दाखवत म्हणाला, "चारू, यानं सगळे केस जातात. टोकं नाही, सगळे. काढू का?"

चारूने बहिणीकडे पाहिले. "ताई, दुखतं?"

"दुखत नाही," लीना म्हणाली. "पण रडू येतं. खूप दिवस येतं."

चारूने विचार केला. "मग नको."

"खलास," दत्तू म्हणाला. "नको तर नको." तिच्या गळ्यातली चादर त्याने सोडली. मग तसाच बसून, फोटोकडे बघत, हळूच म्हणाला, "लीना, माझं चुकलं गं."

तो "नाही पप्पा, असू दे" ऐकायची वाट पाहत होता. मीही पाहत होते, कारण तिने त्याला माफ केले असते तर मलाही थोडे सुटल्यासारखे वाटले असते.

"हो," लीना म्हणाली. "चुकलं."

एवढे बोलून तिने त्याच्या हातातून मला घेतले. माझ्यावरून फोटो सोडवून आपल्या खिशात ठेवला. मला एकदा तळहातावर तोलले. गालाला लावले नाही. कप्प्यात ठेवले आणि कप्पा लावून घेतला.

म्हणून मित्रांनो, इतर वस्तूंसारखे मी तुम्हाला म्हणणार नाही, की मला पुसा, तेल घाला, वापरत राहा. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी लहान मुले येतील, आणि त्यांच्या केसांवरून, कानांवरून, रंगावरून कोणीतरी तुम्हाला चार लोकांत बोलेल. तेव्हा माझ्यासारखे काही हातात घेण्याआधी त्या मुलाला खरे काय ते सांगा, आणि विचारा. ते नको म्हणाले, तर मला परत ठेवून द्या. मी गंजेन. गंजायला मला काही वाटत नाही.