पत्र्यावरची गोधडी

“पलीकडं काठाला आंब्याखालचं पत्र्याचं घर बघा. पत्र्यावर गोधडी हाय का, तेवढं सांगा.”

पुण्याहून आलेल्या मुलीनं दुर्बीण फिरवली आणि हसून सांगितलं, हो, आहे काहीतरी. तिच्या नवऱ्यानं पाहिलं, तर त्याला नुसता पत्राच दिसला. झुंबरबाईंनी दुर्बीण परत घेऊन पदरानं काचा पुसल्या. सकाळपासून हे असंच चाललं होतं. कुणाला गोधडी दिसत होती, कुणाला नव्हती, आणि एक जण तर तिकोना किल्ल्यावर दुर्बीण रोखून ‘छान, छान’ म्हणत निघून गेला होता.

पवना धरणाच्या या वळणावर टेबल मांडून त्या बारा वर्षं पर्यटकांना दुर्बिणीतून किल्ले दाखवत होत्या. पण खुर्चीला बूड टेकेना, असं आजच झालं होतं. काल संध्याकाळी दूधवाला दत्तोबा जाता जाता सांगून गेला होता, “तुमचा हौशीराम लय वाळलाय, मावशी. काठी घेऊन चालतोय.”

हौशीराम त्यांचा धाकटा भाऊ. पलीकडचं ते घर त्याचं, म्हणजे यांचं माहेर. पाण्यावरून सरळ पाहिलं तर मैलभर, पण रस्त्यानं जायचं तर सगळ्या धरणाला वळसा. झुंबरबाई लग्न होऊन अलीकडच्या काठाला आल्या, तेव्हा गावात फोन कुठला? आईनंच युक्ती काढली होती. लेकीला बोलवायचं झालं की छपरावर हिरव्या लुगड्याची गोधडी पसरायची. तेव्हा डोळे तरणे होते. पाणी भरता भरता हिरवा ठिपका दिसायचा आणि घागर खाली ठेवायचीही शुद्ध राहायची नाही. गोधडी विरली की झुंबरबाई दुसरी शिवून देत, हिरवीच. आई गेली, घरोघर फोन आले, तरी हौशीरामानं बोलावण्याची ही रीत मोडली नव्हती.

मोडली ती मागच्या वैशाखात, त्याच्या लेकीच्या, सारिकाच्या हळदीला. शनिवार होता. धरणावर निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांत जीप दोन तास अडकली, आणि आत्या पोचेस्तोवर नवरीला हळद लागलेली. पहिली हळद लावायचा मान आत्याचा. त्या काही बोलायच्या आधीच हौशीराम चार पाहुण्यांत म्हणाला होता, “मुहूर्त काय तुझ्या जीपसाठी थांबतोय व्हय?”

त्या न जेवता परतल्या. निघताना म्हणाल्या, “आता गोधडी दिसल्याबिगर ह्या उंबऱ्यात पाय न्हाई ठेवायची.”

फोन दोन्ही घरांत होते. ना त्यानं केला, ना यांनी.

नवरात्रात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा लागला. तेव्हापासून दुर्बिणीत सगळा अंधार आणि मधे रुपयाएवढं हलतं भोक, एवढंच दिसे. चष्मा काढला तर चाक कितीही फिरवलं तरी भुरकट. डोळा गेला, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं. मुलाला, राजेंद्रला, सांगितलं नाही; त्यानं दुसऱ्याच दिवशी टेबल उचलून घरी नेलं असतं. गिऱ्हाइकांना त्या किल्ले दाखवत ते पाठ असलेले. भाऊबीजेलाही त्यांनी एका बाईला गोधडी आहे का विचारलं होतं. ती म्हणाली, पत्रा आहे फक्त. ओवाळायचं ताट त्यांनी मग तसंच फळीवर ठेवून दिलं.

दुपारी ऊन तापलं असताना देहूरोडचे एक आजोबा नातीबरोबर आले. नातीनं त्यांना सावलीत उभं केलं. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी टेबलावरची छोटी दुर्बीण उचलली आणि डोळ्यांशी टेकणारं तिचं रबर दोन्ही अंगठ्यांनी उलटं करायला लागले.

“अवो भाऊ, रबर कशापायी मोडता?”

“मोडत नाही, ताई, दुमडतोय. चष्मा असला की असंच बघायचं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. काचेपासून डोळा अमुकच अंतरावर हवा. उघड्या डोळ्यांना ते अंतर हे रबर राखतं. चष्मेवाल्याचं अंतर चष्म्यातच जातं. वर रबराची भर पडली की डोळा फार मागं राहतो आणि कडेनं अंधार दाटतो. तीस वर्षं त्यांनी डेपोत लष्कराच्या दुर्बिणी दुरुस्त केल्या होत्या.

“आजोबा फिरायला आले तरी डेपोतच असतात,” नात म्हणाली.

झुंबरबाई हसल्या नाहीत. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “म्हंजी मधी भोकच दिसत आसंल, तर डोळा गेला असं न्हाई?”

“कुणी सांगितलं? घ्या, बघा. चष्मा काढू नका.”

त्यांनी दोन्ही कोपर टेबलाला टेकवले. चाक फिरवलं. काळं कडं कुठंच नव्हतं. आधी पाणी आलं, मग काठावरचं पिवळं गवत, मग आंबा.

पत्र्यावर गोधडी होती.

उन्हानं तिचा रंग पार उडाला होता. जवळजवळ पत्र्यासारखीच दिसत होती ती. म्हणून लोकांना दिसत होती आणि नव्हतीही. फक्त आंब्याची सावली पडते तो कोपरा अजून हिरवा होता.

सगळा जन्म त्यांनी लुगडी फाडून गोधड्या शिवल्या होत्या. एवढं विटायला किती ऊन लागतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. परवाच्या शिमग्याच्या मागं संक्रांत. संक्रांतीच्या मागं भाऊबीज. त्या बाईनं त्या दिवशी कुठलं घर पाहिलं असेल?

“आजी, दिसलं काही?” नातीनं विचारलं.

“बोलावणं हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. “लय दिसांचं.”

बाकीच्या दुर्बिणींचंही रबर दुमडून देऊ का, आजोबांनी विचारलं. पण झुंबरबाई तोवर शेजारच्या कणीसवाल्या अंबूबाईला टेबलाकडं बघायला सांगून रस्त्यावर पोचल्या होत्या.

जीपमध्ये त्यांना कडेची जागा मिळाली. रस्ता मधेच डोंगराआड जाई आणि घर दिसेनासं होई. मांडीवर ती छोटी दुर्बीण होती, आणि रबर पुन्हा वर येऊ नये म्हणून दोन्ही अंगठे त्यावर दाबून त्या पुढच्या वळणाची वाट बघत होत्या.