मावशीकडे गेलेली मुलगी

ऑर्व्हिल हॉगन शर्टाची फक्त कॉलर आणि पुढची बाजू इस्त्री करत असे. बाकीचं कोटाखाली झाकलं जातं, हे बायको, मर्ना, गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्याला कळलं होतं. त्या शनिवारी सकाळी त्याची इस्त्री चालू असतानाच वर्गमैत्रीण डोरीनचा फोन आला.

"लायलबद्दल चार शब्द तूच बोलायचेस हं. तू त्याच्या संघाचा गोलकीपर. आणि लवकर ये, कॉफीचं भांडं मला एकटीला उचलत नाही."

"मर्नाची मेणबत्ती ठेवलीस ना?"

डोरीनने विषय तोडला. "आल्यावर बोलू."

चौसष्ट साली कार्लबी गावच्या शाळेतून पास झालेल्या एकोणीस जणांपैकी आठ उरले होते. दर पाच वर्षांनी ते चर्चच्या तळघरात जेवायला जमत आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एक मेणबत्ती लावत. यंदाची नवी मेणबत्ती लायल सदरलंडची होती. तो जानेवारीत गेला.

ऑर्व्हिलने जन्मभर लायलचा हेवा केला. बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या दारात अजून लायलचा फोटो आहे. ९ मार्च १९६४, प्रांताचा अंतिम सामना, शेवटचा गोल. त्याच सामन्यात ऑर्व्हिलने एकतीस फटके अडवले होते, पण त्याचा फोटो कुणी काढला नाही. लायलच्या अंत्यविधीला मोटारींची रांग धान्याच्या कोठारापर्यंत गेली होती. मर्नाच्या वेळी पुढचे चार बाक जेमतेम भरले होते. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

मुळात शाळेत मर्ना लायलबरोबर फिरायची. त्रेसष्टच्या थंडीच्या तोंडावर ती एकाएकी रेजायना शहरात "मावशीकडे" गेली. गावातली मुलगी शाळा सोडून अशी मावशीकडे गेली की पुढे कुणी काही विचारत नसे. मास्तर हजेरीपटातून नाव काढत, आईबाप खिडक्यांचे पडदे ओढून घेत, आणि ज्याच्यामुळे हे घडलं तो मुलगा मात्र सोमवारी सरावाला हजर असे.

मर्ना उन्हाळ्यात परत आली. टेलिफोनच्या कचेरीत लागली. एकोणसत्तर साली ऑर्व्हिलने तिच्याशी लग्न केलं. मूल झालं नाही. दर नऊ मार्चला ती एक लहानसा केक करायची, एक तुकडा बशीत घेऊन खिडकीशी बसायची. सामन्याचा दिवस, लायलचा दिवस, असं समजून ऑर्व्हिल उठून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जायचा तो अंधार पडल्यावरच घरी यायचा. बावन्न वर्षं.

शेवटच्या मार्चमध्ये ती इस्पितळात होती. "आज केक राहिला," ती म्हणाली.

"लायलसाठी?"

"लायल?" तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "अरे वेड्या, आज तिचा वाढदिवस. दहा दिवस माझ्याजवळ होती. मग तिला देऊन टाकायच्या कागदावर सही करायला लावली त्यांनी."

त्यानंतर तरी हेवा संपायला हवा होता. तो संपला नाही, त्याला दुसरी जागा सापडली. ऑर्व्हिलने ज्या लेकीसाठी सगळी जमीन दिली असती, ती लायलला मिळाली होती, आणि त्याने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तळघरात अंड्याची सँडविचेस होती, बटाट्याच्या पोळ्या साखर लावून गुंडाळलेल्या होत्या. पांढऱ्या कापडावर अकरा मेणबत्त्या. शेजारी वर्गाचा अल्बम. छापायची ऐपत नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून हाताने चिकटवलेला, एकुलता एक. सोमवारी डोरीन तो गावाच्या संग्रहालयात देणार होती.

"हल्ली लोक येतात ना," ती सांगत होती, "आपलं मूळ शोधत. अगदी टोरांटोहून येतात."

"अकराच आहेत. मर्नाची नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

"यादी पास झालेल्यांची असते रे. मी नाही केला तो नियम. आणि आज व्हेल्मा आलीय. बिचारीच्या नवऱ्याचा दिवस आहे."

लायलची बायको व्हेल्मा पुढच्याच खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

पास्टरांनी प्रार्थना केली. मग ऑर्व्हिल उभा राहिला.

"लायल वेगवान होता," तो म्हणाला. "पास अचूक द्यायचा. मला चिडवायचा, की हॉगनच्या पायात नांगर बांधलाय. खोटं नव्हतं ते."

लोक हसले. त्याने अल्बम उघडून सगळ्यांकडे फिरवला.

"ही आमची रांग. या चौकटीत गव्हाचं कणीस आहे बघा. ते चित्र मी काढलंय. हेडमास्तर म्हणाले, मर्नाचा फोटो काढून टाका. कात्री माझ्या हातात होती. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मला बरं वाटलं. लायलबरोबर फिरलीस ना, आता भोग, असं वाटलं."

त्याने खिशातून नखाएवढा फोटो काढला. "साठ वर्षं हा माझ्या स्केट्सच्या खोक्यात होता. तिच्याशी लग्न केलं, तिला पुरलं, पण हा तिला दाखवला नाही."

"ऑर्व्हिल, बस खाली," डोरीन कुजबुजली.

"तेव्हा तसंच होतं रे," क्लिफर्ड मागून म्हणाला. "सगळीकडे."

"ते करणारे आपणच होतो ना, क्लिफर्ड?"

कॉफीच्या भांड्याशी उभी असलेली बर्निस म्हणाली, "माझ्या बहिणीला, आयरीनलाही, मावशीकडे पाठवलं होतं. आम्हाला मावशीच नव्हती."

तिने कप खाली ठेवला आणि रविवारच्या शाळेच्या कपाटातून डिंकाची बाटली आणून दिली.

ऑर्व्हिलने कणसावर फोटो चिकटवला. फोटो जरा लहान पडला, कणसाचं एक कुसळ मर्नाच्या केसांवर दिसत राहिलं. त्याखाली त्याने पेनाने तिचं माहेरचं नाव घालून लिहिलं: मर्ना टॉकरुड. ९ मार्च १९६४ रोजी रेजायनात जन्मलेल्या मुलीची आई.

बर्निस खांद्यावरून वाचत होती. "आणि बाप?"

पेन थांबलं. ती मुलगी आता साठीची असेल. कधी आली, पानं उलटू लागली, तर तिला दोन्ही नावं लागणार. पण ते एक नाव मर्नाच्या नावाशेजारी ऑर्व्हिलने मनातसुद्धा कधी येऊ दिलं नव्हतं. त्याने व्हेल्माकडे पाहिलं.

व्हेल्माची नजर अल्बमवर होती. "मला त्याने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. बराच वेळ तिने पर्सची कडी उघडली, मिटली. "लिही. त्याने तर लिहिलं नाहीच."

ऑर्व्हिलने लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं, कुणालाही वाचता येईल असं. बायकोच्या नावाशेजारी लायलचं नाव.

मग त्याने शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.