शेंद्र्यावरचं बांडगूळ

"अजून एक राह्यलं, जगदेव! वरच्या खांदीवर पाह्य. थे लाल फुलं दिसून राह्यले नं, थेच!"

पुंजाजी पाटील खाली उभे राहून काठीनं दाखवत होते. जगदेवानं कपाळावरचा घाम कोपरानं पुसला आणि कोयता कमरेला खोचून तो आणखी वर सरकला. दर फाल्गुनात पाटलांच्या आमराईतली बांडगुळं काढायची आणि मग वैशाखापर्यंत आंबा राखायचा, हे त्याचं काम. चौदा वर्षं तो ते करत होता. आंब्याच्या फांदीवर उगवून आंब्याचाच रस पिणारी ही झुडपं वेळेवर तोडली नाहीत तर झाड वाळतं, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. बांडगुळाबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. घरातला केर काढताना जेवढा राग असतो, तेवढाच.

त्यानं ज्या फांदीवर पाय दिला, ती आतून सुकलेली होती. कडाड आवाज झाला. कापलेल्या झुडपांच्या ढिगाशेजारी जगदेव पडला तेव्हा त्याला दुखलं नाही. फक्त आपला उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला दिसला, आणि तो कोणा दुसऱ्याचाच असावा असं वाटलं.

पाटील म्हणाले, "गाडी जुपा. वाशीमले न्या लागन."

जगदेवाची बायको रुख्मिणी धावत आली होती. तिनं पायाकडं एकदाच पाहिलं. "वाशीमपावतर गाडीचे हिसके खाऊन पायाचं काय राहीन, पाटील? मी तांड्यावर जातो. हिरीबाईले आनतो." आणि उत्तराची वाट न बघता ती पदर खोचून टेकडीच्या दिशेनं निघाली.

हिरीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. माणसांची आणि जनावरांची मोडलेली हाडं बसवण्यात तिचा हातखंडा होता. शिरपूरच्या मंदिराला आलेला एखादा जात्रेकरू पायरीवरून पडला तरी लोक तिलाच बोलवत. पन्नाशीची, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला काचांचे तुकडे. ती आली, बसली, आणि पायाला हात लावण्याआधी तिनं विचारलं, "काय तोडून राह्यला होता हा?"

"बांडगूळ."

हिरीबाईनं बाजूच्या ढिगातली एक फांदी उचलली. जाड, कातडीसारखी पानं तिनं अंगठ्यानं चोळून पाहिली. "हेच तर लागते मले," ती म्हणाली. "आंब्यावरचं. येची पानं वाट व रुख्मिने, बारीक. आन तव्यावर गरम कर."

मग तिनं डोळे मिटले. तिची बोटं जगदेवाच्या नळीवरून वर गेली, खाली आली. एका जागी थांबली. "दात आवळ," एवढंच ती म्हणाली. जगदेवानं दात आवळले. पुढं काय झालं ते त्याला आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा पाय सरळ होता, त्यावर हिरवा गरम लेप, वरून बांबूच्या कमट्या आणि लुगड्याच्या चिंध्या.

"सव्वा मयना हालाचं नाही," हिरीबाईनं बजावलं. "मुताले बी नाही. समजलं?"

त्या वर्षी आंबा भरपूर लागला होता. राखण तर हवीच. रुख्मिणी राखण करायची, आणि जगदेवाची खाट त्याच झाडाखाली टाकली होती ज्यावरून तो पडला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात दिवसाउजेडी उताणं पडून राहण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

वर ते एक बांडगूळ तसंच राहिलं होतं. त्याची फुलं झडली, मग बोटाच्या पेराएवढी फळं धरली. चैत्रात ती पिकली तशी एक पाखरू येऊ लागलं. अंगठ्याएवढं, मातकट रंगाचं. ते फळ खायचं आणि मग अस्वस्थ होऊन फांदीवर बूड घासायचं. बी इतकं चिकट, की पाखराला सुटायचंच नाही. घासून घासून ते बी फांदीला चिकटायचं, तेव्हा कुठं त्या पाखराची सुटका व्हायची.

असं एक बी जगदेवाच्या तोंडावर लोंबणाऱ्या बारीक डहाळीला चिकटलं. हात उंच केला असता तर लागलं असतं. त्यानं केला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या बियातून एक हिरवा कोंब निघाला. कोंब म्हणजे वर जाणार, उजेडाकडं जाणार, हे शेतकऱ्याला काय सांगावं? पण हा गेला नाही. तो बाहेर आला, थोडा थांबला, आणि वाकला. आंधळ्यानं भिंत चाचपावी तसा तो डहाळीची साल शोधू लागला. दोन दिवसांनी सालीला टेकला. टेकलं ते टोक चपटं झालं, पसरलं, घट्ट बसलं. ना माती, ना पाणी. वर चैत्राचं ऊन. आणि एवढंसं बी कोरड्या लाकडाच्या आत शिरत होतं.

"आइकलं काय व?" त्यानं रुख्मिणीला हाक मारली. "इकडं ये. पाह्य, कसं वाकलं थे. त्याले कोनं सांगतलं असन, का साल इकडं हाये?"

रुख्मिणीनं वर पाहिलं, मग त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ताप तं नाही. उनानं डोकं फिरलं वाटते तुमचं."

"चौदा वर्सं कापलं मी त्याले," जगदेव म्हणाला. "एक डाव बी पाह्यलं नाही."

कमट्या सोडल्या त्या दिवशी त्यानं हिरीबाईला विचारलं, "माय, हाड बांडगुळानं जुडलं का तुह्या हातानं?"

हिरीबाई हसली. "मले काय मालूम, बापू. माह्या सासूनं लावलं, मी लावतो. जे झाड दुसऱ्याच्या हाडात घुसून एकजीव होते, थे जुडवनच असं सासू म्हने. पन जुडते हाड आपल्याच मनानं. आपन त्याले हालू द्याचं नाही, बस." तिनं त्याला उभं केलं. पायानं भार धरला. किंचित आखूड झाला होता, पण धरला.

रुख्मिणीनं जोंधळ्याचं गाठोडं आणि नवं लुगडं पुढं केलं. हिरीबाईनं दोन्ही परत सारलं. "मले एक झाड दे. आंब्याचं. सगळे पाटील बांडगूळ कापून राह्यले. वाळलेल्या पाल्यात जोर नसते. एका झाडावर जगू दे त्याले."

जगदेव पाटलांकडं गेला. एवढी मोठी आमराई, त्यातलं बांधावरचं एक झाड त्यानं मागितलं. पुंजाजी पाटलांनी त्याच्या आखूड पायाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बांडगूळ पोसू म्हन्तं? एक पोसूनच राह्यलो नं मी. चढता येत नाही तरी ठेवलंच हाये."

बोलल्यावर पाटलांना स्वतःलाच ते फार झालं असावं. त्यांनी सुपारी पुढं केली. जगदेवानं ती घेतली नाही. "बराबर हाये, पाटील," एवढं म्हणून तो निघाला.

जगदेवाचं स्वतःचं एकच आंब्याचं झाड होतं. बापानं लावलेला शेंद्र्या, त्याच्या दोन एकराच्या बांधावर. पिकला की देठाशी शेंदूर फासल्यासारखा लाल व्हायचा. घरचं वर्षाचं लोणचं त्याचं, आणि उन्हाळ्यात भाकरीबरोबरचा रसही त्याचाच. आमराईतून आणलेली बांडगुळाची पिकली फळं ओंजळीत घेऊन जगदेव त्या झाडाशी उभा राहिला तेव्हा रुख्मिणी आडवी आली.

"थे काय करून राह्यले तुमी? मामंजीनं हंड्यानं पानी घालून जगवलेलं झाड हाये थे!"

"मालूम हाये."

"दुसऱ्याचं कापत जनम गेला, आन आपल्या झाडाले लावता?"

"तिनं मांगितलं, व. दुसरं काई मांगितलंच नाही तिनं." आणि बी बोटावरून सुटेना म्हणून पाखरासारखाच तो बोट सालीवर घासू लागला.

रुख्मिणी आठ दिवस बोलली नाही.

पहिल्या वर्षी सगळी बियं वाळली. जाड सालीवर लावली होती. दुसऱ्या वर्षी त्यानं कोवळ्या डहाळ्या निवडल्या, पाखराला जसं करताना पाहिलं होतं तसंच केलं. विसातली तीन धरली. चौथ्या वर्षी त्यांना फुलं आली. मग जगदेवाला काही करावं लागलं नाही. पाखरं आली आणि त्यांनी कारभार हाती घेतला.

हिरीबाई शिरपूरच्या बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसू लागली. मोडलेली माणसं तिथंच यायची. जगदेव लांब काठीच्या आकडीनं पाला काढायचा. पाणी द्यायचं, पाला वाटायचा, पाय धरायचा, हे रुख्मिणीच्या वाट्याला आलं. ती कुरकुरत करायची. एकदा एका म्हातारीनं गाडीत मांडीवर घेऊन वासरू आणलं, पुढचा पाय लोंबत असलेलं. महिन्यानं तीच म्हातारी कमट्या सोडवायला आली. वासरू खाली ठेवलं. ते थरथरलं, पडलं, पुन्हा उठलं आणि चार पायांवर उभं राहून रुख्मिणीचा पदर चघळू लागलं. रुख्मिणी बराच वेळ पदर न सोडवता तशीच उभी होती. त्यानंतर तिची कुरकुर कोणी ऐकली नाही.

झाड मात्र खालावत होतं. आधी शेंड्याच्या फांद्या गेल्या. आंबे लहान झाले, मग मोजके झाले. दहाव्या वर्षी लोणच्यासाठी रुख्मिणी शेजारणीकडून कैऱ्या घेऊन आली. जगदेवानं मान खाली घातली. तिनं कैऱ्या धुतल्या आणि म्हणाली, "आंबट हायेत. चांगले होतीन."

बाराव्या वर्षीच्या माघात शेंद्र्याला मोहोर आलाच नाही. पण त्या महिन्यात झाड असं फुललं, की शिरपूरच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. आंब्याचं पान शोधावं लागत होतं. उरलेल्या प्रत्येक फांदीवर बांडगुळाची शेंदरी लाल नळीसारखी फुलं. सगळं झाड विस्तवासारखं, आणि त्यात मध पिणाऱ्या शेकडो पाखरांचा असा गलका, की खाली बोललेलं ऐकू येऊ नये. पुंजाजी पाटीलही घोड्यावरून उतरले. टोपी काढून वर बघत राहिले.

हिरीबाई आली ती काठी टेकत. डोळ्यांत फूल पडून तिला दिसेनासं झालं होतं. "आवाज तं लय हाये," ती म्हणाली. "कसं दिसून राह्यलं, बापू?"

जगदेवानं वर पाहिलं. "माय, मरून राह्यलं थे झाड," तो अखेर म्हणाला, "पन असं... असं तं थे जितेपनी बी दिसलं नव्हतं."

हिरीबाईनं बुंध्याला दोन्ही तळवे लावले, मोडलेल्या हाडाला लावायची तसे. डोळे मिटले. मग कपाळ टेकवलं. "यंदाचंच हाये," ती म्हणाली. "मी बी. हात थरथर कापून राह्यले आता माहे."

तिनं रुख्मिणीला जवळ बसवलं. तिची बोटं धरून आपल्याच मनगटावर ठेवली, जिथं लहानपणी मोडलेल्या हाडाची जुनी गाठ होती. "येथी. लागलं? डोळे उघडे ठेवू नको व. डोळे खोटं सांगते."

रुख्मिणीनं डोळे मिटले. बोटं मनगटावरून फिरवली आणि म्हणाली, "लागलं, माय."

फाल्गुनात हिरीबाईचा मुलगा फुलसिंग सांगायला आला, माय गेली. चारच दिवसांनी दुपारी वावटळ उठली, गारा पडल्या, आणि शेंद्र्या बुडापासून आडवा झाला. आतून पार पोकळ होता.

तिसऱ्या दिवशी एक माणूस आपल्या बायकोला बैलगाडीत घेऊन आला. तिचा हात कोपराखाली मोडला होता. "हिरीबाई कोठी हाये?" त्यानं विचारलं.

"नाही राह्यली ती," रुख्मिणी म्हणाली.

माणसानं बैल वळवले नाहीत. तो तसाच जुवावर हात ठेवून उभा राहिला. गाडीतली बाई कण्हतही नव्हती, नुसती बघत होती. रुख्मिणीनं जगदेवाकडं पाहिलं.

मग तिनं रांजणातलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. बाईला सावलीत बसवलं, तिचा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

जगदेव लंगडत बांधाकडं गेला. पडलेल्या झाडाची आंब्याची पानं तीन दिवसांत करपून गेली होती. बांडगुळाची मात्र तजेलदार होती, काही फुलं तर अजून उघडत होती. आज आकडी लागली नाही. फांद्या त्याच्या कमरेशी होत्या. तो वाकला आणि एकेक पान खुडून पदरात घ्यावं तसं धोतराच्या ओच्यात घेऊ लागला. मागून बाईचा एकदाच आवाज आला, आणि लगेच रुख्मिणीचा, हळू, "झालं व माय. झालं."