नऊ रिकाम्या चौकटी

फिनलंडमधल्या तुर्कूतला बुटांचा कारखाना बंद पडला तेव्हा मार्युत चौपन्न वर्षांची होती. आता नोकरीसाठी स्वतःची वेबसाइट लागते हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. पण गावातल्या नाटकगृहाला नटांचे बूट शिवणारं माणूस हवं होतं आणि अर्जासोबत आपलं काम दाखवणारी वेबसाइट मागितली होती. ती जागा तिला मनापासून हवी होती. मग ग्रंथालयातल्या मोफत वर्गात जाऊन ती तीन आठवडे हट्टाने कोड लिहीत बसली.

पान तयार झालं. वर नाव, खाली तिने शिवलेल्या नऊ जोड्यांचे फोटो. घरच्या लॅपटॉपवर ते असे झळकत होते की तिने पान उगाचच चारदा उघडून पाहिलं. मंगळवारी तिने अर्ज पाठवला आणि धाकटी बहीण रायला आणि कारखान्यातला जुना मुकादम यांनाही लिंक धाडली. रायलाने कळवलं, साधं आहे, चांगलं आहे. मुकादमाने लिहिलं, उगाच भपका नाही. फिनलंडमध्ये याहून जास्त स्तुती लग्नातही होत नाही, त्यामुळे मार्युत दोन दिवस हवेत होती.

गुरुवारी सकाळी तिने ग्रंथालयाच्या संगणकावर पान उघडलं, तर नावाखाली नऊ रिकाम्या चौकटी. वर्ग घेणाऱ्या इल्पोने एक नजर टाकली आणि सांगितलं की फोटो तिच्या लॅपटॉपमध्येच राहिलेत. पानाला तिने त्यांचा तिथलाच पत्ता दिला होता, म्हणून ते जगात फक्त तिलाच दिसत होते.

तिने रायलाला फोन लावला.

"तुला रिकाम्या चौकटी दिसल्या आणि तू चांगलं म्हणालीस?"

"मला वाटलं डिझाइन आहे," रायला म्हणाली. "हल्ली सगळं असंच रिकामं असतं. आणि तू तरी कुठे फार बोलतेस?"

रागवायलाही वेळ नव्हता. मार्युतने घरून लॅपटॉप आणला आणि इल्पोला शेजारी बसवून नऊही फोटो पानासोबत चढवले. ते काम उरकतंय तोच नाटकगृहातून फोन आला. बोलणारा एस्किल, तिथल्या बूटखात्याचा प्रमुख.

"काल तुमचं पान रिकामं होतं," तो म्हणाला. "आमच्यातल्या दोघांना तर ते फार आवडलं. आज बघतो तर बूट. खरं पान कुठलं?"

काहीतरी थाप मारावी असं तिला क्षणभर वाटलं, पण सुचली नाही.

"कालचं चुकलं होतं. आत्ता दुरुस्त केलं."

"आमच्याकडे पहिल्या अंकात टाच निघते," एस्किल म्हणाला, "आणि दुसऱ्या अंकात त्याच बुटात नाचायचं असतं. असंच लगेच दुरुस्त करणारं माणूस हवं. सोमवारपासून या. अवजारं घेऊन या."

लोक जिथे खोकायलाही लाजतात, त्या ग्रंथालयात मार्युत मोठ्याने हसली.