गालातली डागडुजी

मित्रांनो, मी एक जुनी भक्षक पेशी आहे. एका शिंप्याच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला माझं घर होतं. जंतू गिळायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या आणि जखम झाली की डागडुजी करून घ्यायची, ही माझी कामं. गाल चावला गेला किंवा चहाने पोळला, तरी मी तो लवकरच पूर्ववत करायचे. त्याबद्दल कधी शाबासकी मिळाली नाही. धडधाकट गालाची आठवण कुणाला असते?

मग शिंप्याच्या सुळ्यामागच्या दाताचा टवका उडाला आणि तिथे धार राहिली. त्याला ती भलतीच सोयीची वाटली. शिवण संपली की दोरा तोंडाच्या कोपऱ्यात धरायचा आणि त्या दाताने तोडायचा. दर वेळी दात गालाला घासायचा. मी जरा कुठे जखम भरत आणली, की पुन्हा ओरखडा.

त्याची बायको शेजारी बसून काजं करायची. ती म्हणायची, "अहो, तो दात एकदा डॉक्टरांकडून गुळगुळीत करून घ्या. गाल सोललाय तुमचा."

"आणि दोरा कशाने तोडू? कात्री शोधण्यातच दिवस जाईल माझा."

कात्री त्याच्या मांडीशीच असायची! माझ्या अगदी नाकीनऊ आले.

सतत नव्या पेशी घडवताना चुका होतात. अशाच काही चुकलेल्या पेशी वाढत सुटल्या. त्या भारी लबाड. त्यांनी जखमेचीच हाक उचलली: इथे दुखापत आहे, रक्त पाठवा. मला तेवढीच भाषा कळते. मी नव्या रक्तवाहिन्या मागवल्या. शरीराच्या मारक पेशी त्या लबाडांवर चालून आल्या, तर मीच मारक पेशींना थोपवलं, कारण डागडुजी चालू असताना तिथे मारामारी करायची नाही, असा आमचा नियम. खऱ्या जखमेची आणि खोट्या जखमेची हाक सारखीच असेल, तर मी काय करणार?

एके दिवशी दोरा तोडताना गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा थेंब पडला. शिंपी सदरा धुवायला धावला. बायकोने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"सदरा मी धुते. तुम्ही आधी चपला घाला," असं म्हणून तिने दुकान बंद केलं.

तपासणी झाली, कर्करोगाची गाठ निघाली. सर्जनने ती भोवतालच्या मांसासकट कापून काढली. त्या मांसात मीही होते. आता मी काचेच्या पट्टीवर रंगवलेली, सूक्ष्मदर्शकाखाली पडून आहे. परवा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई सहकाऱ्याला म्हणाल्या, "ह्या भक्षक पेशी बघ. ह्यांनीच गाठीला पोसलंय."

इतकं राबून हे ऐकावं लागलं. माझा जीव अगदी जळला.

मग त्यांनी पट्टी जराशी सरकवली. "पण कापलेल्या कडा मोकळ्या आहेत, तिथे गाठीची एकही पेशी नाही. माणूस वेळेत आलाय."

मित्रांनो, तेवढं ऐकून मी राग सोडला. आम्ही जखमा भरू, तक्रार न करता भरू. पण जी जखम भरतच नाही, ती आमच्या भरवशावर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दोरा तोडायला कात्री असते.