संकष्टीला पेटणारा हीटर

मित्रांनो, आमच्या भागात कुणी हीटर म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग कूलरची चौकशी करतात. मे महिन्यात दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो, अशा मुलखात माझं काय काम, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडत होता. मी एक जुना, डिझेलवर चालणारा हीटर आहे. शाळेच्या दप्तराएवढा माझा आकार, रंग काळा, डाव्या कुशीला एक पोचा. प्राणहिता नदीच्या घाटावर दवाखान्याची बोट बांधलेली असते, तिच्या मागच्या कप्प्यात मी राहतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते हिमालयातलं. एका मालट्रकच्या केबिनमध्ये मला बसवलं होतं. बाहेर बर्फ पडायचं आणि आत ड्रायव्हर माझ्या झोताकडे पाय करून झोपायचा. सकाळी उठला की मला थोपटायचा. पुढे ट्रक म्हातारा झाला, त्याचे सुटे भाग झाले, आणि जुन्या स्प्रिंगांच्या पोत्यातून फिरत फिरत मी आलापल्लीला कय्यूमभाईंच्या दुकानात येऊन पडलो.

कय्यूमभाई पंप, कूलर, मळणीयंत्र, काय येईल ते दुरुस्त करायचे. त्यांनी मला पुसून फळीवर ठेवलं. त्या फळीवर मी चार वर्षं काढली. खाली कूलर यायचे, नवी गवताची जाळी लावून ऐटीत परत जायचे. माझ्याकडे बोट दाखवून एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "कय्यूमभाई, याले उलटा फिरवला तं थंडी हवा देते का?" सगळं दुकान हसलं. कय्यूमभाईही हसले. मी मनाला लावून घेतलं नाही. पण ज्याच्याजवळ ऊब आहे आणि ती कुणालाच नको आहे, त्याचे दिवस फार लांब असतात, एवढं खरं.

मग एका थंडीत माधवी सिस्टर बोटीच्या इंजिनाचा पट्टा घ्यायला दुकानात आल्या. नदीकाठच्या ज्या गावांना धड रस्ता नाही, तिथे एका संस्थेची बोट दवाखाना घेऊन जाते. सिस्टर त्या बोटीवर काम करत. पट्टा मिळेपर्यंत त्या स्टुलावर बसल्या आणि आदल्या आठवड्यात काय झालं ते सांगू लागल्या. पहाटे धुक्यातून एक नुकतं जन्मलेलं बाळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. वजन अगदी कमी, वाट दोन तासांची. बोटीवरच्या मदतनीस सुगंधाबाईंनी ते मांडीवर घेतलं, दोन चादरींत गुंडाळलं. घाट दिसायला लागला तेव्हा बाळ गार पडलेलं होतं. दुसरं काही नाही, थंडीच बाधली, सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून सुगंधाबाई जेवता जेवता थांबतात आणि आपल्या मांडीकडे बघत बसतात.

कय्यूमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला आणि फळीकडे पाहिलं.

मला बोटीत बसवायला त्यांना दोन दिवस लागले. मागच्या कप्प्यात, तळाच्या तेलकट पाण्यापासून चांगलं वर, लोखंडी पाटावर मला घट्ट केलं. धुराची नळी बोटीच्या कुशीतून बाहेर काढली, पण सरळ नाही. आधी वर चढवली आणि मग वाकवून खाली आणली, म्हणजे लाट आली तरी नदीचं पाणी माझ्या घशात शिरू नये. ती नळी फार तापते, म्हणून तिला काचेच्या लोकरीची पट्टी गुंडाळली. मला जळायला लागणारी हवाही त्यांनी बाहेरूनच घेतली. आतली हवा माणसांची, ते म्हणाले. टाकीतून माझ्यासाठी वेगळी बारीक नळी आणली आणि तिच्यावर टिकटिक करणारा एक छोटा पंप बसवला. मी ट्रकचा, मला चोवीस व्होल्ट लागतात, आणि बोटीची बॅटरी बाराची. म्हणून दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडल्या. शेवटी केबिनमध्ये विषारी वायू ओळखणारा भोंगा लावला आणि सगळ्यांना बजावलं, की हा ओरडला तर आधी दार उघडा, विचार नंतर करा.

मग त्यांनी मला जपण्याची रीत सांगितली. मला बंद केल्यावर माझा पंखा तीनेक मिनिटं फिरत राहतो आणि पोटातला धूर बाहेर काढतो. तेवढं होईपर्यंत बॅटरीची तार काढायची नाही. आणि उन्हाळा असो की पावसाळा, महिन्यातून एकदा मला अर्धा तास पूर्ण जोरात पेटवायचं. नाही पेटवलं तर डिझेल चिकट होतं, काजळी धरते, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी मी दगा देतो.

नावाडी वारलूभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "महिन्याचा दिवस ध्यानात कसा राह्यन?"

सुगंधाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचं बोलणं इतकं हळू असायचं की इंजिन चालू असलं तर ऐकूच यायचं नाही. त्या म्हणाल्या, "माही संकष्टी राह्यते. थे मी चुकवत नाई. त्याच दिवशी पेटवीन."

"म्हणजे तुमचा उपास अन् याचं जेवण," कय्यूमभाई म्हणाले. "बराबर हाय, बाई. दोघाइतून एकानं तं खाल्लं पायजे."

त्यानंतरचे पाच हिवाळे माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. काठावरच्या बाया मला बोटीतली शेगडी म्हणायच्या. बाळंतिणी माझ्या झोताजवळ पाठ शेकत बसायच्या. किती तान्ही बाळं माझ्या उबेत झोपून सुखरूप दवाखान्यात पोचली, मी मोजली नाहीत. सुगंधाबाईंनी मोजली असतील. पण मित्रांनो, मला त्या हिवाळ्यांपेक्षा उन्हाळ्यातल्या संकष्ट्याच जास्त आठवतात. नदी आटलेली, बोट डोहात बांधलेली, कुणी रोगी नाही. सुगंधाबाई सकाळी अंघोळ करून ओल्या केसांनी यायच्या, कळ दाबायच्या, आणि भट्टीसारख्या तापलेल्या त्या केबिनमध्ये अर्धा तास गणपतीचं नाव घेत बसायच्या. डोक्यावर ओला पदर, ओठ हलताहेत, घाम हनुवटीवरून टपकतो आहे. बाहेरून वारलूभाऊ विचारायचे, "बाई, अंडे उबवून राह्यल्या का?" त्या म्हणायच्या, "हो. एक तुह्यासाठी ठेवलं हाय." आणि पुन्हा डोळे मिटायच्या. त्या अर्ध्या तासात जगात आम्ही दोघंच असायचो.

सहाव्या वर्षी सुगंधाबाईंचे गुडघे साथ देईनात. घाटावरून बोटीत उतरणं जमेना. ज्येष्ठातली संकष्टी झाल्यावर त्यांनी माझ्या पत्र्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला वारलूभाऊंच्या हवाली केलं. वारलूभाऊ हो म्हणाले. मनापासूनच म्हणाले असतील. माणूस वाईट नव्हता. पुरात साप चावलेल्या रोग्यासाठी त्यांनी बोट लोटलेली मी पाहिली आहे.

पण पहिली संकष्टी पुरात गेली. दुसरी ते विसरले. घाटावरच्या देवळात त्या दिवशीची आरती व्हायची तेव्हा मला कळायचं, आज आपला दिवस. मी वाट पाहायचो. पावसाचं पाणी छतावर वाजायचं, इंजिन सुरू व्हायचं, बंद व्हायचं, पावलं यायची आणि माझ्यावरून निघून जायची. एकदा त्यांना आठवलं. त्यांनी मला पेटवलं, पाच मिनिटांत बंद केलं, आणि पंखा फिरतो आहे तोवरच बॅटरीची तार ओढून काढली. बॅटरी उतरेल, असं काहीसं पुटपुटले. पोटातला धूर पोटातच राहिला. त्यानंतर दोन महिने कुणीच आलं नाही. शेजारी बसून राहणारं माणूस एकदा मिळालं, की मग एकटेपण जास्त टोचतं. फळीवरची चार वर्षं मला एवढी जड गेली नव्हती.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी माधवी सिस्टरांना खालच्या गावातून निरोप आला. रंजीता नावाच्या पहिलटकरणीला दिवस भरण्याआधीच घरी मुलगी झाली होती. दीड किलोसुद्धा नव्हती. नवी मदतनीस अजून रुजू झालेली नव्हती, म्हणून सिस्टरांनी घाटावरच्या घरातून सुगंधाबाईंना बोलावलं. काठी टेकत, वारलूभाऊंच्या खांद्याला धरून त्या बोटीत उतरल्या. किती महिन्यांनी ती पावलं मी ऐकली.

बोट गावाला पोचली आणि बाळासह रंजीताला आत आणून बाकावर निजवलं. धुकं एवढं की काठ दिसत नव्हता. सुगंधाबाईंनी माझी कळ दाबली.

पंप टिकटिकला. पंखा फिरला. आतला प्लग लाल व्हायला धडपडला, पण काजळीच्या थराखाली डिझेल नुसतं धुमसलं आणि विझलं. त्यांनी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली. तीनदा पेटलो नाही की मला आपोआप कुलूप पडतं. माझा लाल दिवा लुकलुकायला लागला. मी सगळं बळ लावलं हो. पण बळ लावायला आत जागाच उरली नव्हती.

सुगंधाबाईंनी मागे वळून पाहिलं. "वारलूभाऊ, संकष्टीले पेटवत होता नं?"

वारलूभाऊंनी पाण्याकडे पाहिलं. सुगंधाबाई बाळाकडे वळल्या.

सिस्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावलं. पण रंजीताचं रक्त बरंच गेलेलं, तिचेच दात वाजत होते. तेव्हा सुगंधाबाई पाठ फिरवून बसल्या, चोळीची गाठ सोडली, बाळाला आपल्या छातीवर कातडीला कातडी लावून घेतलं आणि वरून लुगडं गुंडाळलं. वारलूभाऊंनी अंगातला स्वेटर काढून आत दिला आणि बनियनवर, त्या धुक्यात, दोन तास बोट हाकली. मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. ज्या एका कामासाठी मला या बोटीत आणलं, ते काम एक म्हातारी बाई आपल्या अंगाने करत होती आणि मी थंडगार पत्रा होऊन तिच्याकडे पाहत होतो. मध्येच त्या बाळाच्या नाकाशी कान न्यायच्या. तेवढा वेळ केबिनमध्ये कुणी श्वास घ्यायचं नाही. मग त्या मान हलवायच्या, आहे म्हणून.

मुलगी वाचली. बावीस दिवस दवाखान्यात राहिली आणि घरी गेली.

पुढच्या आठवड्यात कय्यूमभाई आले. त्यांनी मला उघडलं, वाटीभर काजळी कागदावर काढली, नवा प्लग बसवला. काजळीकडे पाहूनच त्यांना काय ते समजलं. त्यांनी तारेचा ब्रश वारलूभाऊंच्या हातात दिला. वारलूभाऊंनी माझं पोट घासून लख्ख केलं. त्या दिवसापासून ते प्रत्येक संकष्टीला मला पेटवतात, पूर्ण अर्धा तास. मात्र सुगंधाबाईंच्या दारावरून जाताना ते मान खाली घालतात, असं सिस्टर एकदा कुणाला तरी सांगत होत्या.

परवाच्या संकष्टीला रंजीता मुलीला लस टोचायला घेऊन बोटीवर आली. मुलगी गुटगुटीत झाली आहे, नाव उर्वशी. रंजीताने वारलूभाऊंसाठी टोपलीभर पिकलेली टेंबरं, तेंदूची गोड फळं, आणली होती. गावात सगळ्यांना सांगते, म्हणाली, भाऊंनी अंगातला स्वेटर काढून माझ्या लेकीला दिला. वारलूभाऊ माझ्यासमोर घामाने निथळत बसले होते. त्यांनी टोपलीला हात लावला नाही.

"रंजीता, हा हीटर त्या दिवशी माह्यामुळं बंद पडला. बाईनं पेटवाले सांगतलं होतं. म्या नाई पेटवला, पाच महिने. स्वेटरचं नाव नको घेऊ."

रंजीताने टोपली खाली ठेवली. उर्वशी तिचं मंगळसूत्र ओढत होती.

"बाईले सांगतलं का हे?"

"नाई."

"मंग पयले तिले सांग," ती म्हणाली, आणि मुलीला पदराखाली घेऊन घाटावरच्या सावलीत गेली. टोपली तिने उचलली नाही.

वारलूभाऊ माझा पंखा थांबेपर्यंत बसले. मग ती टोपली डोक्यावर घेऊन सुगंधाबाईंच्या घराच्या दिशेने घाट चढू लागले. तिथे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी बोटीतून कधी उतरलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, जिचं आज काही काम नाही. एखादं माणूसही असेल. गरज पडेल तेव्हा त्यांना हाक मारालच. पण ज्या दिवशी काहीच नको आहे, त्या दिवशीही अर्धा तास त्यांच्याजवळ जाऊन बसा. आम्हाला पुष्कळ काही सोसतं. वाट पाहणं तेवढं सोसत नाही.