जिन्यात बसलेलं कपाट

मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जे दिसेल ते समजावून सांगायला घेतलं. नळ का गळतो, चंद्र का पडत नाही, शेजारी देश का भांडतात. सांगून सांगून त्यांच्या जिभेला घट्टे पडले, ऐकून ऐकून बिऱ्हाडकरूंच्या कानांना. इमारतीतल्या मांजरीला म्हणे निम्मं गुरुत्वाकर्षण कळलं होतं, म्हणून ती गच्चीवरून पडली तरी निम्म्यातच थांबायची.

त्या दुपारी लेक सासरहून टेम्पो घेऊन आली. टेम्पोत तिचं कपाट आणि साड्यांचं एक बोचकं. रडून झालं होतं. आता तिला ठरवायचाही कंटाळा आला होता. ते काम तिनं कपाटावर सोपवलं.

"बाबा, कपाट वर गेलं तर राहीन. नाही गेलं तर याच टेम्पोतून परत."

"जाईल गं. टेप लावून जिना मोजलाय. कर्णसुद्धा काढलाय. बोटभर जागा उरते."

दोन हमालांनी कपाट उचललं. खाली जाडजूड दाजी, वर त्यांचा मेहुणा. वळणावर सगळं थांबलं.

"दाजी, ढकला की!"

"ढकलू काय, कप्पाळ? माझं पोट अडकलंय!"

"रोज ताईच्या हातचं दोनदा वाढून घेता, मग अडकणारच!"

मास्तर पायरीवर मटकन बसले. कपाट मोजलं, जिना मोजला, उचलणारी माणसं मोजायची राहिली.

"वरच्याला वाटतं, दिशा आपण देतो," ते सवयीनं पुटपुटले. "खालच्याला वाटतं, भार आपणच वाहतो. जगाचं राजकारण एवढंच असतं."

"मास्तर, पाया पडतो," दाजी कळवळले, "जग नंतर. आधी पोट!"

ओढाताण करून पोट सुटलं. पण त्या धक्क्यानं कपाट तिरकं झालं आणि दोन भिंतींत पाचरीसारखं बसलं. वरून ओढलं, खालून रेटलं. ढिम्म. मेहुणा कपाटाखालच्या फटीतून सरपटत खाली आला आणि हमाल घाम पुसत निघून गेले. टेम्पोवाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि रिकामाच गेला.

लेक बापाशेजारी येऊन बसली.

"वर जात नाही, खालीही येत नाही. आता काय हो?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सगळी पुस्तकं घशापर्यंत आली, पण थकवाच एवढा होता की दोनच वाक्यं बाहेर पडली.

"सगळीकडून सारखा जोर लागला की वस्तू जागची हलत नाही. याला समतोल म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे राहा."

तिनं पदरानं नाक पुसलं, कपाटाचं दार उघडलं आणि बोचक्यातल्या साड्या काढून तिथंच, जिन्यात, लावायला लागली.

ते कपाट अजून तिथंच आहे. मागची फळी तेवढी काढलीय. वरच्या मजल्यावरची माणसं भाजी घेऊन येतात, दार उघडतात, लेकीच्या साड्या अलगद बाजूला सारतात आणि आपापल्या घरी जातात. जाताना दार मात्र लावून घेतात, नाहीतर मास्तर वरूनच ओरडतात, "लावा रे, साड्यांवर धूळ बसते!" धूळ खालीच का बसते, ते हल्ली सांगत नाहीत.